जळगावात बसून शहाद्याच्या जिनिंगवर डिप्लॉयमेंट: गिटहबचा एजंट कसा बसवायचा

कापसाच्या जिनिंगच्या काट्यावरचं वजनाचं सॉफ्टवेअर, रावेर-सावद्याकडच्या केळी पॅकहाउसचं बिलिंग, नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याचा साठा. अशा ठिकाणी 'सर्व्हर' म्हणजे बहुतेक वेळा टेबलाखाली ठेवलेला एक मिनी पीसी असतो. कोड लिहिणारे जळगावात किंवा धुळ्यात, आणि दर दुरुस्तीला कोणी तरी पेन ड्राइव्ह घेऊन एसटीत बसतं. शहाद्याला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडला. गिटहब ही कोड ठेवायची वेबसाइट. तिच्या 'ॲक्शन्स' या सोयीचा एजंट, म्हणजे सेल्फ-होस्टेड रनर, त्या मशीनवर बसवला की डिप्लॉयमेंट, म्हणजे नवा कोड तिथे बसवून चालू करणं, दुरूनच होतं आणि ही फेरी वाचते.

एजंट बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. खरा वेळ जातो तो मधेच लाईट गेली, नेट तुटलं तरी काटा बंद पडणार नाही अशी रचना करण्यात. म्हणून या लेखात बसवण्यापेक्षा त्या रचनेवर जास्त लिहिलं आहे.

उदाहरणाला शहाद्याची एक जिनिंग धरू. मशीनवर उबुंटू २४.०४, ८ जीबी रॅम, एसएसडी, डेटाबेस पोस्टग्रेस आणि सिस्टिमडीखाली (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) चालणारी 'काटा' नावाची सर्व्हिस. कमांडची नावं खाली देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

आत शिरायचं नाही, आतून बाहेर बोलायचं

पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात एकच येतो: एसएसएचने (दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय) त्या मशीनवर शिरू आणि फाइली ढकलू. राउटरच्या पानावर जाऊन वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरून कोणी आत पोहोचत नाही. मोबाइल डोंगलवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवर हाच प्रकार असतो.

एजंट उलट्या दिशेने काम करतो. तो स्वतःच ४४३ पोर्टवरून गिटहबला विचारत राहतो, "माझ्यासाठी काम आहे का?" आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. सार्वजनिक आयपी नको, राउटरला हात लावायला नको.

मात्र याचा दुसरा अर्थही नीट समजून घ्या. ज्याला त्या रिपॉझिटरीत, म्हणजे गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात, कोड टाकता येतो, त्याला जिनिंगच्या मशीनवर हवी ती कमांड चालवता येते. म्हणून रिपॉझिटरी खासगीच हवी. सार्वजनिक रिपॉझिटरीला असा एजंट कधीही जोडू नका, कारण कोणीही अनोळखी माणूस पुल रिक्वेस्टमधून (कोडमध्ये बदल सुचवायची सोय) त्यावर आपला कोड चालवू शकतो.

मशीन आधी माणसात आणा

सॉफ्टवेअरच्या आधी चार गोष्टी. त्या टाळल्या तर पुढचं सगळं वाया जातं.

बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची एक सेटिंग असते. ती 'पॉवर ऑन' वर ठेवा. मूळ सेटिंग बहुधा 'बंद राहा' अशी असते. मग पहाटे लाईट येते, पण मशीन कोणी तरी बटण दाबेपर्यंत झोपलेलंच राहतं.

यूपीएस ६०० व्हीएचा असला तरी मिनी पीसीला चालतो, पण राउटरही त्याच यूपीएसवर हवा. मशीन चालू आणि राउटर बंद, या अवस्थेत डिप्लॉयमेंट अर्ध्यात लटकते.

मदरबोर्डवरचा बटण सेल, सीआर२०३२, जुन्या मशीनमध्ये हमखास गेलेला असतो. वीज गेली की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग गिटहबचं सर्टिफिकेट 'अजून वैध झालेलं नाही' अशी तक्रार करत एजंट जोडला जात नाही. सेल स्वस्त आहे, बदलून टाका. टाइमडेटसीटीएल कमांडने वेळ एनटीपीशी (नेटवरून घड्याळ जुळवायची सोय) जुळते आहे ना हे बघा. त्यासाठी यूडीपी १२३ पोर्ट बाहेर जायला मोकळं हवं.

चौथी गोष्ट फक्त जिनिंगवाल्यांना कळेल: रुईचा तूस. तो पंख्यात आणि हीटसिंकमध्ये गच्च बसतो. त्यात एप्रिल-मेमध्ये खान्देशात पारा ४४-४५ अंशांवर गेला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि दोन मिनिटांचं काम दहा मिनिटं घेतं. हंगामात महिन्यातून एकदा ब्लोअर मारायला सांगा. मशीन प्रेसच्या शेडमध्ये न ठेवता काट्याच्या केबिनमध्ये ठेवा.

दोन वेगळे युजर

एजंटसाठी 'डिप्लॉय' आणि ॲप्लिकेशनसाठी 'काटा' असे दोन युजर करा. कोडच्या फोल्डरची मालकी 'डिप्लॉय'कडे, 'काटा'ला तिथे फक्त वाचायची परवानगी. ॲप्लिकेशनमध्ये भोक निघालं तरी त्यातून कोड बदलता येत नाही.

'डिप्लॉय'ला रूटचे (मशीनवर काहीही करू शकणाऱ्या मुख्य युजरचे) पूर्ण अधिकार देऊ नका. त्याला एकच गोष्ट लागते: काटा सर्व्हिस रीस्टार्ट करणं. सुडो म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय. तिच्या सुडोअर्सच्या डी फोल्डरमध्ये व्हीसुडोने वेगळी फाइल करा आणि तिच्यात सिस्टिमसीटीएलचा पूर्ण पाथ, रीस्टार्ट आणि सर्व्हिसचं पूर्ण नाव, एवढीच एक ओळ बिनपासवर्डची ठेवा. तारांकन वापरू नका. फाइलच्या नावात टिंब असेल तर सुडो ती फाइल गुपचूप सोडून देतो. 'काटा डॉट कॉन्फ' असं नाव ठेवून तासभर डोकं खाजवणारे कमी नाहीत.

डॉकर वापरत असाल तर लक्षात असू द्या: डॉकर ग्रुपमध्ये टाकलेला युजर म्हणजे जवळजवळ रूटच.

एजंटची नोंदणी

१. गिटहबवर रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये ॲक्शन्स, त्यात रनर्स, तिथे नवा सेल्फ-होस्टेड रनर निवडा. लिनक्स आणि एक्स६४ निवडल्यावर डाउनलोडची लिंक, चेकसम (फाइल नीट उतरली का हे ताडायचा क्रमांक) आणि टोकन दिसतं. हे टोकन एकच तास चालतं. आधी मशीनवर फाइल उतरवून घ्या, टोकन शेवटी काढा. मोबाइल नेटवर उलट क्रमाने गेलात तर डाउनलोड होईस्तोवर टोकन मेलेलं असतं.

२. 'डिप्लॉय' युजरने लॉगिन करून त्याच्या होममध्ये फोल्डर करा, फाइल तिथे उलगडा. आधी चेकसम ताडून पाहा. अर्धवट उतरलेली टार फाइलही बरीचशी उलगडते आणि शेवटची चूक नजरेतून सुटू शकते.

३. कॉन्फिग डॉट एसएच स्क्रिप्ट यूआरएल आणि टोकन देऊन चालवा. सुडो लावू नका, लावलात तर ती चालायला नकार देते. नाव विचारल्यावर 'शहादा-जिनिंग-१' असं ओळखू येणारं द्या. लेबलमध्ये 'शहादा' जरूर टाका. उद्या धरणगाव आणि चोपड्यालाही मशीन बसली की कोणतं काम कुठे जायचं हे लेबलवरून ठरतं, आणि कामात जितकी लेबलं लिहाल तितकी सगळी ज्या एजंटकडे असतील त्याच्याकडेच ते जातं.

४. एकदा रन डॉट एसएच हाताने चालवून बघा. 'लिसनिंग फॉर जॉब्स' दिसलं की जोडणी झाली. नाही दिसलं तर त्याच स्क्रिप्टला 'चेक' हा पर्याय, यूआरएल आणि एक पर्सनल ॲक्सेस टोकन दिलं की कोणत्या पत्त्यापर्यंत पोहोचता येत नाही ते कळतं.

५. कंट्रोल-सीने थांबवा. आता सर्व्हिस करा: त्याच फोल्डरमधून सुडो लावून एसव्हीसी डॉट एसएच, पुढे इन्स्टॉल आणि युजरचं नाव 'डिप्लॉय', मग स्टार्ट. इथे सुडो लागतं, वरच्या पायरीत चालत नाही. याच ठिकाणी लोक गोंधळतात. काटा रीस्टार्ट करण्यापलीकडे सुडोचा अधिकार 'डिप्लॉय'ला दिलेलाच नाही, म्हणून ही पायरी तुमच्या ॲडमिन खात्यातून करा.

६. सिस्टिमसीटीएल एडिट वापरून त्या सर्व्हिसला 'रीस्टार्ट बरोबर ऑलवेज' आणि दहा सेकंदांचा रीस्टार्टसेक जोडा. मग मशीनची वायर खरोखर उपटा, परत लावा, आणि पाच मिनिटांत गिटहबवर एजंट हिरवा दिसतो का ते बघा. शहाद्यात उभं असतानाच ही परीक्षा घ्यायची. जळगावला परतल्यावर तिचा उपयोग नाही.

एक नेहमीची अडचण: हाताने चालवलं की चालतं आणि एजंटमधून 'कमांड नॉट फाउंड' येतं. एजंट नोंदणीच्या वेळचा पाथ स्वतःच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये धरून ठेवतो. नोड किंवा दुसरं काही नंतर बसवलं असेल तर त्याला ते ठाऊक नसतं. फोल्डरमधली ईएनव्ही डॉट एसएच चालवा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

बिल्ड तिकडे, फक्त बसवणं इकडे

वर्कफ्लोमध्ये, म्हणजे गिटहबने काय काय करायचं हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, दोन कामं ठेवा. पहिलं गिटहबच्याच मशीनवर चालतं. ते टेस्ट घेतं, बिल्ड करतं आणि एकच दाबलेली फाइल आर्टिफॅक्ट म्हणून ठेवतं. दुसरं 'नीड्स'ने पहिल्यावर अवलंबून असतं आणि 'सेल्फ-होस्टेड' व 'शहादा' या लेबलांवर चालतं. जिनिंगच्या मशीनवर एनपीएम इन्स्टॉल (लागणारी पॅकेजं नेटवरून आणणारी कमांड) करू नका. शेकडो छोट्या फाइली डोंगलवरून आणताना त्यातली एक तरी अडकतेच, आणि आज जे बसलं तेच उद्या बसेल याची खात्री उरत नाही. चाळीस एमबीची एक फाइल आणि तिचा शा-२५६ चेकसम, एवढंच जाऊ द्या.

दुसऱ्या कामाला तीन गोष्टी जोडा. 'टाइमआउट-मिनिट्स' १५ ठेवा, कारण न लिहिल्यास मुदत ३६० मिनिटांची असते. 'कन्करन्सी'चा एक गट द्या आणि चालू काम रद्द करणं 'फॉल्स' ठेवा, म्हणजे एकाच वेळी दोन डिप्लॉयमेंट भिडत नाहीत. आणि सुरुवात 'वर्कफ्लो डिस्पॅच'ने, म्हणजे हाताने बटण दाबून. दर पुशला आपोआप डिप्लॉय ही शहरी चैन कापसाच्या हंगामात नको. वेळापत्रक लावायचंच असेल तर गिटहबचा क्रॉन यूटीसीत (आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे) चालतो: रात्री ११:१७ हवं असेल तर १७:४७ लिहा. तासाच्या ठोक्यावर गर्दी असते म्हणून आडनिडा मिनिट बरा, आणि तरीही उशीर होऊ शकतो हे धरून चला.

मशीन बंद असेल तर काम रांगेत थांबतं, पण २४ तासांपर्यंतच. नंतर ते गळतं.

डिप्लॉय स्क्रिप्ट: लाईट कुठेही गेली तरी

डिप्लॉयच्या मधेच वीज गेली तर एजंट परत उठल्यावर ते काम पुढे नेत नाही. गिटहबवर ते अपयशी दिसतं, बस. म्हणून स्क्रिप्ट अशी हवी की ती कुठेही तुटली तरी जुनं सॉफ्टवेअर जसंच्या तसं चालावं, आणि दुसऱ्यांदा चालवली की काही विचित्र होऊ नये.

ऑप्ट फोल्डरखाली काटा, त्यात 'रिलीजेस' आणि 'करंट'. रिलीजेसमध्ये प्रत्येक आवृत्तीचं स्वतःचं फोल्डर, नाव म्हणजे कमिटचा (कोडमधल्या त्या नोंदलेल्या बदलाचा) क्रमांक. 'करंट' ही फक्त एक सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नाव. सर्व्हिस नेहमी 'करंट'मधून चालते. पासवर्ड असलेली सेटिंग फाइल या सगळ्याबाहेर, ईटीसीखाली, ६०० परवानगीने.

स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'सेट'ला ई, यू आणि पाइपफेल द्या. ते विसरलात तर मधली कमांड फसली तरी स्क्रिप्ट पुढे रेटत राहते. मग क्रम असा:

चेकसम ताडा. नव्या फोल्डरला आधी 'डॉट टीएमपी' असं शेपूट लावा, त्यातच फाइल उलगडा, आणि आधीपासून तसं फोल्डर पडलेलं असेल तर ते मागच्या फसलेल्या खेपेचं समजून आधी उडवा. उलगडून झालं की 'सिंक' कमांड द्या. ही ओळ बहुतेक जण गाळतात. लिनक्स फाइली आधी मेमरीत ठेवतो आणि डिस्कवर काही सेकंदांनी लिहितो, साधारण अर्ध्या मिनिटापर्यंत. त्या वेळात वीज गेली तर नाव आहे पण आत शून्य बाइट, अशा फाइली मिळतात. सिंकनंतर फोल्डरचं शेपूट काढून खरं नाव द्या. त्याच कमिटचं फोल्डर आधीच तिथे असेल तर उलगडायची पायरी सोडून सरळ पुढे जा.

मग सिमलिंक बदलायची. एलएन कमांडला एस, एफ, एन देऊन थेट बदलणं सगळीकडे लिहिलेलं सापडतं, पण जुन्या लिनक्सवरच्या एलएनमध्ये जुनी लिंक आधी पुसली जाते आणि मग नवी बनते. त्या फटीत वीज गेली की 'करंट'च नाही. त्याऐवजी 'करंट-नवा' अशी लिंक बनवा आणि एमव्हीला मोठा टी देऊन ती 'करंट'वर हलवा. हे एका झटक्यात होतं: जुनी तरी असते, नाही तर नवी. पुन्हा एक सिंक.

आता सर्व्हिस रीस्टार्ट, आणि मग चौकशी. काट्याच्या माणसाने फोनवर "बठ्ठं चालू शे" म्हटलं म्हणजे चालू आहे असं धरू नका. जुनीच प्रोसेस उत्तर देत असेल तर त्यालाही सगळं चालूच दिसतं. ॲप्लिकेशनमध्ये एक आरोग्य पत्ता ठेवा. त्याने डेटाबेसला खरंच एक क्वेरी मारावी आणि उत्तरात कमिटचा क्रमांक द्यावा. स्क्रिप्टने कर्लने दर दोन सेकंदांनी तीस वेळा विचारावं. साठ सेकंदांत नवा क्रमांक आला नाही तर सिमलिंक मागच्या आवृत्तीवर, पुन्हा रीस्टार्ट, आणि स्क्रिप्ट अपयशाचा कोड देऊन बाहेर. शेवटच्या पाच आवृत्त्या ठेवा, बाकी काढा, पण 'करंट' ज्याकडे बोट दाखवते ती यादीतून वगळूनच.

या सगळ्याच्या आधी, अगदी वरती, एक राखणदार हवा. भरल्या गाडीचं वजन झालंय आणि रिकाम्या गाडीचं व्हायचंय, अशी एखादी पावती उघडी आहे का? किंवा गेल्या वीस मिनिटांत काटा झालाय का? असेल तर डिप्लॉय करायचंच नाही, स्क्रिप्ट तिथेच थांबवायची. ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली असताना स्क्रीन दोन मिनिटं गोल गोल फिरली तर शेतकऱ्याच्या शिव्या प्रोग्रॅमरला नाही, काट्यावरच्या पोराला खाव्या लागतात.

डेटाबेस मागे जात नाही

सिमलिंक मागे फिरवली की कोड मागे जातो, टेबलं नाही. म्हणून नवा कॉलम एका आवृत्तीत जोडा, जुना काढायचा असेल तर पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या आवृत्तीत काढा. मधल्या काळात दोन्ही आवृत्त्या त्याच टेबलांवर चालल्या पाहिजेत. मायग्रेशनआधी, म्हणजे टेबलांची रचना बदलण्याआधी, पीजी-डम्पने डेटाबेसची प्रत घ्या आणि तो मशीनबाहेरही पाठवा. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणं ट्रान्झॅक्शनमध्ये बांधता येतं, मधेच तुटलं तर सगळं पूर्ववत होतं. मायएसक्यूएलमध्ये अशी प्रत्येक आज्ञा स्वतःच कमिट करून मोकळी होते, त्यामुळे तिथे एका मायग्रेशनमध्ये एकच बदल ठेवा.

काट्याची वायर

इंडिकेटरमधून येणारी सीरियल वायर यूएसबी कन्व्हर्टरने जोडली असेल तर तिचं नाव टीटीवाययूएसबी शून्य असतं. वीज गेल्यावर किंवा पोर्ट बदलल्यावर ते एक होऊ शकतं. सेटिंगमध्ये डेव्ह फोल्डरखालच्या 'सीरियल, बाय-आयडी' मधला लांबलचक पाथ लिहा, तो कन्व्हर्टरला चिकटून राहतो. 'काटा' युजर डायलआउट ग्रुपमध्ये हवा. एजंटच्या युजरला त्याची गरज नाही. आणि रीस्टार्टच्या वेळी जुनी प्रोसेस खरंच मेली पाहिजे. दोघी एकाच पोर्टवरून वाचू लागल्या की वजनाचे आकडे वाटले जातात: ८४६० किलोचं एकीकडे ८४ आणि दुसरीकडे ६०.

जे वारंवार बिघडतं

छोटी कामं होतात, पण आर्टिफॅक्ट उतरताना मधेच अडकतं: एमटीयू (एका खेपेत जाणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) तपासा. पीपीपीओई ब्रॉडबँडवर तो १४९२ असतो. पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय आणि आकार १४६४ द्या. ते जातं आणि १४७२ जात नाही, तर मशीनवर किंवा राउटरवर एमटीयू १४९२ करा.

'बॅड इंटरप्रिटर' आणि ओळीच्या शेवटी टोपीवाला एम: स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली गेली आहे. गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी ईओएल एलएफ ठरवून टाका.

डिस्क भरली: एजंटचं 'वर्क' फोल्डर, जुने डॉकर इमेज आणि जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) हे तीन संशयित. जर्नलडीच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिममॅक्सयूज' ५०० एमबी करा. एजंटची स्वतःची नोंद त्याच्या 'डायग' फोल्डरमध्ये असते, आधी तीच वाचा.

एजंटच मेला तर? तो दुरुस्त करायला त्याचाच उपयोग नाही. म्हणून त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा दरवाजा हवा. आपल्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरकडे जिनिंगच्या मशीनने स्वतः जोडलेलं वायरगार्ड (एक व्हीपीएन) सगळ्यात कमी त्रासाचं. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाही तर सीजीनॅटमध्ये वाट बुजते.

हंगाम संपल्यावर

कापूस संपला की जिनिंग बंद होते आणि मशीन दसऱ्याच्या आसपासपर्यंत बंद पडून राहतं. गिटहब १४ दिवस न जोडलेला एजंट यादीतून आपोआप काढून टाकतो. ऑक्टोबरमध्ये मशीन चालू केलं की नोंदीत 'रनरची नोंदणी सर्व्हरवरून पुसली आहे' असं येतं आणि एजंट जोडला जात नाही. त्यावर उपाय: एसव्हीसी डॉट एसएचने सर्व्हिस अनइन्स्टॉल करा, एजंटच्या फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या 'रनर' आणि 'क्रेडेन्शियल्स' या नावांच्या फाइली काढा, नवं टोकन घेऊन नोंदणी पुन्हा करा, तीच नावं, तीच लेबलं. सुडोअर्स, फोल्डर, स्क्रिप्ट यांना हात लावायची गरज नाही. वायरगार्ड चालू असेल तर हेही जळगावातूनच होतं. जिनवाला तयार असेल तर मशीन आणि राउटर पावसाळाभर चालूच ठेवायला सांगा, विजेचा खर्च एका फेरीच्या भाड्याहून फार नसतो. बंदच ठेवणार असतील तर पहिली गाडी काट्यावर चढण्याच्या आठवडाभर आधी मशीन चालू करायला सांगून ठेवा, कारण बटण सेल, रुईचा तूस आणि चार महिन्यांचे साचलेले अपडेट हे तिन्ही त्याच दिवशी एकदम समोर येतात.